खोट्या वाक्याला डस्टर

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण जन्माने फळा नाही. जन्माने मी दार. एका दवाखान्याच्या आतल्या खोलीसाठी सुताराने मला तयार केले होते. त्याने मन लावून माझ्या कडा घासल्या, कुलपासाठी भोक पाडले, बिजागऱ्यांच्या खाचा कोरल्या. पण माप त्याने घेतले होते भिंतींना गिलावा होण्याआधी. गिलावा झाला, चौकट बसली आणि मी चार बोटे मोठा ठरलो. सुतार डोके खाजवत म्हणाला, "आता रंधा मारून मारून किती मारणार?" मग मी त्याच्या दुकानाच्या भिंतीला टेकून उभा राहिलो आणि येणारेजाणारे माझ्यावर छत्र्या टेकवू लागले.

तिथून मला सर घेऊन आले. सर दिवसा एका गोदामाच्या ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळत आणि संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत. त्यांना फळा हवा होता. सुतार म्हणाला, "सर, हे दार आहे." सर म्हणाले, "होतं." त्यांनी मला आडवे केले, पॉलिशपेपरने घासले, काळ्या रंगाचे हात दिले आणि भिंतीवर जाड स्क्रूंनी आवळून टाकले. कुलपाच्या भोकात कागदाचा बोळा कोंबला. दार निदान उघडते आणि मिटते. फळ्याला तेवढीही मोकळीक नसते, हे मला त्याच दिवशी समजले. समोरची भिंत, एका बाजूची खिडकी, दुसऱ्या बाजूला आतल्या घराचा उंबरा, एवढेच माझे जग झाले. मान वळवून पाहावे म्हटले तर मला मान नाही.

पण सुरुवातीची वर्षे बरी गेली, हे मी नाकारणार नाही.

सरांचा क्लास वेगळा होता. ते फक्त इंग्रजी वाक्प्रचार शिकवत. त्यांचे म्हणणे असे, की माणसाचे इंग्रजी व्याकरणापाशी अडत नाही, वाक्प्रचारापाशी अडते. समोरचा हसतो आणि आपण का हसायचे ते कळत नाही. म्हणून रोज एकच वाक्प्रचार. सर तो माझ्या माथ्यावर लिहीत. मग सगळ्यांनी मिळून त्याचा मराठी भाऊ शोधायचा. 'अ पीस ऑफ केक' म्हणजे अगदी सोपे काम. त्याचा भाऊ 'डाव्या हाताचा मळ'. 'ऑन क्लाउड नाइन' म्हणजे आनंदाने वेडे होणे. त्याचा भाऊ सापडायला वेळ लागला, पण सापडला तेव्हा सर टेबलावर थाप मारून म्हणाले, "स्वर्ग दोन बोटं उरला! त्यांचे ढग मोजलेले, आपली बोटं मोजलेली."

आणि मग प्रत्येकाने एक वाक्य करायचे. वाक्याला नियम एकच होता. ते आपल्या घरातले किंवा आपल्या कामावरचे हवे आणि खरे हवे. "पुस्तकातलं वाक्य म्हणजे दुसऱ्याचा शर्ट," सर म्हणत. "अंगात जातो, पण खांदे उतरलेले दिसतात." वाक्य खोटे निघाले, तर सर जागेवरूनच माझ्यावर डस्टर फेकत. उजव्या हातात खडू आणि डाव्या हातात डस्टर, अशीच त्यांची मूर्ती माझ्या डोळ्यांसमोर आहे. डाव्या हाताचा त्यांचा नेम कधी चुकला नाही. ते डस्टरही क्लासमधल्या शिंप्याने शिवलेले होते, कोटाच्या उरलेल्या कापडात कापूस ठासून. त्यामुळे मला लागत नसे. फक्त पांढरा धुरळा उठे आणि सगळा क्लास हसे.

एकदा वाक्प्रचार होता, 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग'. म्हणजे बिंग फोडणे. शिंपी पुढे आला आणि त्याने लिहिले की माझ्या बायकोने पिशवीतून मांजर बाहेर सोडले.

"कसलं मांजर?" सरांनी विचारले.

"सर, मी गिऱ्हाइकाला म्हटलं, कापड पुरलं नाही. ते दुकानात असतानाच बायको आतून ओरडली, उरलेल्या कापडाची पिशवी केव्हाच शिवून झाली म्हणून."

"खरं आहे का हे?"

"खरं नसतं तर घरात असा अबोला असता का, सर?"

सरांनी डस्टर खाली ठेवले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

आणखी एक विद्यार्थिनी होती, इस्पितळात काम करणारी. तिला सगळे सिस्टर म्हणत. तिने एकदा लिहिले, 'नाइट ड्यूटी इज अ पीस ऑफ केक.' वाक्य पुरे होते न होते तोच डस्टर येऊन आदळले.

"सर, यात काय चुकलं?"

"वाक्यात काही चुकलं नाही. तुझे डोळे बघ आरशात."

सरांची मुलगी तेव्हा लहान होती. तिची आई नव्हती, ती फार आधीच गेली होती. घर सांभाळायची ती सरांची मोठी बहीण, म्हणजे मुलीची आत्या. आत्या आतून भांड्यांच्या आवाजावर आवाज चढवून म्हणायची, "इंग्रजीत ओटा पुसला जात नाही म्हणावं!" मुलगी उंबऱ्यावर बसून अभ्यास करायची आणि क्लास सुटला की मला पुसायची. एक दिवस पुसण्याऐवजी तिने माझ्या खालच्या कोपऱ्यात लिहिले, 'आय अ‍ॅम ऑन क्लाउड नाइन.' त्या दिवशी तिची जिवलग मैत्रीण गाव सोडून गेली होती. सरांनी ते वाचले, डस्टर फेकले आणि मग तिच्याशेजारी उंबऱ्यावर येऊन बसले. ती किती वेळ रडली ते मला माहीत आहे. सर एकदाही 'रडू नकोस' म्हणाले नाहीत.

मित्रांनो, त्या काळात माझे कौतुकही पुष्कळ झाले. मोठ्या हुद्द्यावर गेलेली माणसे यायची, माझ्या कडेवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "याच फळ्यावर मी बोलायला शिकलो." मी फुगून जायचो. लाकडाने फुगणे बरे नव्हे, हे कळत असूनही.

मुलगी मोठी झाली. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहू लागली. सरांचे गोदामाचे काम सुटले, पण संध्याकाळचा क्लास सुटला नाही.

मग ती संध्याकाळ आली. सर 'अंडर द वेदर' लिहीत होते, म्हणजे अंगात कसर असणे. पहिला शब्द सरळ आला. दुसऱ्या शब्दापासून ओळ उताराला लागली आणि खाली खाली घसरत माझ्या कडेपर्यंत आली. सर त्या ओळीकडे पाहत राहिले, जणू ती दुसऱ्याच कुणी लिहिली होती. मग ते कलले. शिंप्याने त्यांना धरले नसते तर डोके टेबलावर आपटले असते.

ते इस्पितळातून परत आले तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. आतल्या खोलीचे दार अरुंद, नवी खाट आत जाईना. म्हणून ती पुढच्याच खोलीत मांडली, बरोबर माझ्यासमोर. मी भिंतीला जखडलेला आणि सर खाटेला. त्या दिवसापासून आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहू लागलो. दुसरीकडे पाहायची सोय दोघांनाही नव्हती.

मुलगी नोकरीवरून लांब रजा घेऊन आली. डॉक्टरांनी तिला सांगितले होते, "त्यांना समजतं सगळं. बोलणं मात्र कितपत परत येईल, सांगता येत नाही. वेळ द्या." हातात पेन्सिल दिली तर कागदावर नुसत्या रेघोट्या उठत. मान हलवायला सांगितली तर हो आणि नाही यांची सरमिसळ होई. मराठीचा एक शब्द तोंडातून फुटेना.

आणि एका सकाळी ते बोलले. स्पष्ट, ठणठणीत आवाजात म्हणाले, "पीस ऑफ केक!"

आत्या हातातले काम टाकून धावली. "बोलला! केक मागतोय गं! आत्ता आणते." आणि ती खरोखरच कोपऱ्यावरच्या दुकानातून केक घेऊन आली. सरांनी तो पाहिला, डोळे मिटले आणि पुन्हा म्हणाले, "पीस ऑफ केक."

"अरे हाच तर आणलाय! क्रीमचा हवा होता का?"

मुलगी हसली. घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसत होते. "आत्या, बाबा वाक्प्रचार बोलतायत. म्हणजे हे काही कठीण नाही, सोपं आहे, असं म्हणतायत ते. बाबा मला धीर देतायत."

आत्या खाटेच्या कडेला बसली आणि स्वतःच केक खाऊ लागली. "जन्मभर इंग्रजी इंग्रजी केलंस. घे आता. तीच तेवढी राहिली घरात, मराठी गेली रुसून."

मित्रांनो, त्या मुलीची चूक इथे झाली आणि ती याच घरातल्या माणसाकडून होण्यासारखी होती. ती ज्या घरात वाढली होती, तिथे वाक्प्रचार खरा असल्याशिवाय वापरायचा नाही असा नियम होता. म्हणून बाबा जे बोलतील ते निवडून, पारखून, खरे तेच बोलणार, याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती.

पण मला दिसत होते. सरांचे तोंड माझ्यासारखे झाले होते. माझ्यावर जे उमटते ते मी निवडत नाही. कुणीतरी लिहून जातो आणि मी ते मिरवत राहतो. सरांच्या तोंडावरही आतल्या कुठल्या तरी कोपऱ्यातून, वर्षानुवर्षे घोकलेले, तयार बांधलेले तुकडे येऊन पडत होते. त्यांना म्हणायचे असे एक आणि ऐकू यायचे दुसरेच. आणि ते दुसरे आहे हे त्यांना कळायचे. बोलून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटायचे ते समोरून मी एकटाच पाहत होतो, आणि मी पडलो फळा.

सिस्टर आता रोज सकाळी येऊन सरांना व्यायाम देई. आखडलेला उजवा खांदा ती हळूहळू वर उचलायची. सरांच्या डाव्या पायाची बोटे आवळली जायची आणि तोंडातून यायचे, "पीस ऑफ केक! पीस ऑफ केक!"

"बघा," मुलगी उशाशी उभी राहून अभिमानाने म्हणायची. "सोपं आहे म्हणतायत."

"सर पहिल्यापासूनच धीराचे," सिस्टर म्हणायची आणि खांदा आणखी थोडा वर न्यायची.

त्या दोघींना पायाची बोटे पांघरुणामुळे दिसत नव्हती. खाटेच्या पायथ्याशी पांघरूण उचललेले असे आणि मी नेमका पायथ्याच्या बाजूला होतो. ओरडावे म्हटले, तर माझ्या अंगावर अक्षर लिहिल्याशिवाय मला आवाज नाही.

क्लासची माणसे संध्याकाळी चौकशीला येत. शिंप्याने एकदा उंबऱ्यापाशी उभे राहून विचारले, "पोरी, क्लासचं काय? तू घेशील का? तू बोल, सर नुसते बसतील समोर."

मुलगी खाटेजवळ गेली. "बाबा, क्लास सुरू ठेवू? मी घेते, तुम्ही असा."

सरांचा चेहरा उजळला. डावा हात माझ्याकडे उठला. ओठ धडपडले आणि बाहेर आले, "कॉल इट अ डे."

'कॉल इट अ डे' म्हणजे, मित्रांनो, आता पुरे, काम इथेच थांबवू या.

मुलीने बाबांचे पांघरूण सारखे केले. मग शिंप्याला म्हणाली, "बाबा नको म्हणतायत. त्यांना आता हे सहन होत नाही बहुतेक." सर हात हलवत राहिले, माझ्याकडे, पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तेव्हा ती आत्याला म्हणाली, "फळा दिसला की त्यांना त्रास होतो." तिने मला काढायचा प्रयत्नही केला, पण स्क्रू गंजून एकजीव झाले होते. शेवटी आत्याने दोन खिळे ठोकले आणि माझ्यावर एक जुनी चादर टांगली.

चादरीमागचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. उजेड मळकट पिवळा यायचा. पंख्याची घरघर, औषधाच्या बाटलीवर चमचा वाजल्याचा आवाज, आत्याचे पुटपुटणे आणि रोज सकाळी तो ठणठणीत आवाज, "पीस ऑफ केक! पीस ऑफ केक!" माझ्या बाजूने मी त्यांना पाहू शकत नव्हतो, त्यांच्या बाजूने ते मला. एका खोलीत दोघे कोंडलेले, आणि मध्ये एक फुलाफुलांची चादर.

चादर निघाली ती धुण्यासाठी. खिडकीतून ऊन आले होते, सिस्टर नुकतीच व्यायाम देऊन गेली होती. मुलीला बाबांना उभारी द्यायची होती. टेबलाच्या खणात तिला खडू सापडला. माझ्यापाशी येऊन, एकेक अक्षर मोठे काढत तिने लिहिले, 'फॉर बाबा, एक्सरसाइज इज अ पीस ऑफ केक.' खणातले डस्टर तिने सहज बाहेर काढून खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवले होते.

सरांनी वाक्य वाचले. पुन्हा वाचले. मग त्यांचा डावा हात स्टुलावर चाचपडत गेला, डस्टर मुठीत आले आणि उडाले. ते खाटेच्या पायाशीच पडले.

"पडलं का?" मुलीने उचलून परत दिले.

त्यांनी पुन्हा फेकले. या वेळी ते माझ्या खालच्या कडेवर आपटले. "पीस ऑफ केक!" सर ओरडले. ती डस्टर उचलेपर्यंत त्यांना धीर धरवेना. रिकामा हात ते हवेत झाडत होते. "पीस ऑफ केक! पीस ऑफ केक!" तोंड एक म्हणत होते आणि हात दुसरे.

मुलगी डस्टर हातात घेऊन तशीच थांबली. आधी वाक्याकडे पाहिले, मग बाबांकडे.

"बाबा, हे खोटं आहे?"

सरांचा हात खाली आला.

तिने ते वाक्य पुसले. इंग्रजीही सुचेना तिला. साध्या मराठीत लिहिले, 'व्यायाम करताना बाबांना दुखतं.' डस्टर त्यांच्या डाव्या हातात नेऊन ठेवले आणि बाजूला झाली.

सरांनी डस्टर छातीवर ठेवले आणि त्यावर हात दाबून धरला. फेकले नाही.

"रोज?" ती म्हणाली. "रोज दुखत होतं? आणि मी सिस्टरला सांगत होते की..." ती जमिनीवर, माझ्याखाली, पाठ भिंतीला टेकून बसली. आत्या आतून विचारत आली, "काय आपटलं गं?" आणि दोघांकडे पाहून दारातच थांबली.

थोड्या वेळाने मुलगी उठली. लिहिले, 'बाबांना क्लास बंद हवा आहे.' अक्षर पुरे व्हायच्या आत डस्टर आले, ते थेट वाक्याच्या मधोमध. धुरळा उठला.

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "याचा नेम होता तसाच आहे!" मग तिलाही चेव आला. "लिही, लिही. आत्याच्या हातचा चहा फार छान होतो म्हणून लिही."

मुलीने लिहिले. डस्टर आले.

"हो का? मग उद्यापासून ऊठ आणि आपला आपण करून पी!" आत्या फणकारली आणि मग आपलेच बोलणे ऐकून गप्प झाली. सर मात्र हसत होते. अर्ध्या चेहऱ्याने, पण पोट हलेपर्यंत.

सिस्टरने दुसऱ्या दिवशीपासून खांदा वेगळ्या तऱ्हेने धरला आणि डॉक्टरांना सांगून आधी औषध द्यायला लावले. पहिल्या दिवशी ती सरांच्या पायाशी बराच वेळ उभी होती. "सर, मीसुद्धा तुमची विद्यार्थिनी," एवढेच म्हणाली. सरांनी डाव्या हाताने तिच्या हातावर थोपटले. चादर धुऊन आली, ती कपाटात गेली.

आणि क्लास सुरू झाला. मुलगी वाक्प्रचार लिहायची, माणसे आपापली वाक्ये लिहायची आणि सर उशांना टेकून डस्टर घेऊन बसायचे. शिंप्याने त्यांच्यासाठी एका बाजूने नाडीने बांधायचा शर्ट शिवून आणला आणि लिहिले, की हा शर्ट शिवणे म्हणजे डाव्या हाताचा मळ होता. डस्टर खाऊन तो खूश झाला. "खरंय सर, दोनदा उसवला." फेकलेले डस्टर उचलून द्यायची पाळी वाटून घेतलेली होती.

मी तुम्हाला सगळे सुखाचे झाले असे सांगितले, तर ते डस्टर मला खावे लागेल. सरांना खोटे पुसता येत होते, खरे सांगता येत नव्हते. जे वाक्य दुसऱ्या कुणाला सुचले, त्यावरच ते बोट ठेवू शकत. जे कुणालाच सुचले नाही, ते आतच राहिले.

एका दुपारी असेच झाले. सर सकाळपासून मुलीकडे टक लावून पाहत होते. तिला कळले, यांना काही सांगायचे आहे. ती खडू घेऊन उभी राहिली. बाबांना पाणी हवे आहे. डस्टर. खिडकी उघडायची आहे. डस्टर. बाबांना आईची आठवण येते आहे. डस्टर हातातच राहिले, पण मग हळूच फेकले, म्हणजे खरे आहे, पण आजचे ते नव्हे. बाबांना वाटते मी नोकरीवर परत जावे. डस्टर. बाबा माझ्यावर रागावले आहेत. डस्टर, जोरात. मी भरलो, तिने पुसले, पुन्हा भरलो. ऊन खिडकीतून सरकत खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेले. तिचे मनगट खडूने पांढरे झाले, सरांचे डस्टर माझ्यापर्यंत पोचेना. ती वाक्ये अंगावर घेताना मला कळत होते, की ती त्यांच्या अगदी जवळून, भिंतीपलीकडून चालल्यासारखी चालली आहे. कुठे आत शिरायचे ते तिला सापडत नव्हते आणि आतून त्यांना हाक मारता येत नव्हती.

शेवटी ती खाटेच्या कडेला बसली. "नाही सुचत, बाबा. आणखी काय असेल, मला नाही सुचत."

सरांनी तिच्याकडे पाहिले, डस्टर स्टुलावर ठेवले आणि म्हणाले, "कॉल इट अ डे."

क्षणभर दोघेही थबकले. वाक्प्रचार अगदी जागच्या जागी, चपखल बसला होता. कितीतरी महिन्यांत प्रथमच त्यांच्या तोंडून त्यांना हवे तेच निघाले होते. दोघे हसू लागले. हसता हसता तिने त्यांच्या खांद्यावर डोके टेकले, दुखऱ्या नव्हे, दुसऱ्या. ते वाक्य काय होते, ते तिला पुढेही कळले नाही. मलाही माहीत नाही.

पुढे छातीत कफ साठू लागला. शेवटचे दिवस कठीण होते. पण दुखते आहे की नाही, कूस बदलायची की नाही, इस्पितळात जायचे की इथेच राहायचे, हे सगळे माझ्यावर लिहून, त्यांना विचारून झाले. 'इथेच' या शब्दावर डस्टर फेकले गेले नाही. मग हातातली ताकद गेली, तेव्हा ती डस्टर त्यांच्या मुठीत देऊन मूठ आपल्या हातात धरायची. बोटे सैल पडली तर खोटे, आवळली तर खरे. एका पहाटे बोटांनी काहीच सांगितले नाही.

खाट गेली. समोरची भिंत पुन्हा मोकळी झाली. त्यानंतरच्या दिवसांत माणसे भेटायला येत, खुर्च्यांवर बसत आणि अशा वेळी म्हणायची ठरलेली वाक्ये म्हणत. एक शेजारीण आत्याला म्हणाली, "फार हाल नाही ना झाले?"

"छे हो," आत्या म्हणाली. "शेवटी काही त्रास झाला नाही त्याला. झोपेतच गेला, शांतपणे."

मुलगी चहाचे कप घेऊन उंबऱ्यावर आली होती. ती तिथेच थांबली. खोलीत कुणी काही फेकले नाही. सगळे पुढच्या वाक्याची वाट पाहत होते.

"झाला, आत्या," ती हळू आवाजात म्हणाली. "त्रास झाला."

शेजारीण अवघडली. आत्याने मुलीकडे पाहिले. 

"झाला गं," ती म्हणाली. "खूप झाला माझ्या भावाला." आणि ते सगळे दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेली आत्या मोठ्याने रडू लागली. मुलीने कप खाली ठेवले आणि तिच्याजवळ जाऊन बसली. तीही 'रडू नकोस' म्हणाली नाही.

मित्रांनो, मी अजून याच भिंतीवर आहे. मला पुसाल तर कोरड्या फडक्याने पुसा, ओल्याने माझा रंग उडतो. पण माझी खरी विनंती ही नव्हे. तुमच्या घरात कुणाची वाचा गेली असेल, कुणी फार म्हातारे असेल किंवा फार लहान, तर त्यांच्या तोंडून निघालेल्या पहिल्याच शब्दावर समाधान मानून निघून जाऊ नका. त्यांच्या वतीने वाक्य पुरे करू नका. एक वाक्य त्यांच्यासमोर ठेवा आणि थांबा. ते खोटे असेल तर तसे सांगायला त्यांच्या हातात काहीतरी असू द्या. मग दुसरे ठेवा. तिसरे ठेवा. हात दुखेपर्यंत ठेवा. सगळीच सापडतील असे नाही. पण तुम्ही शोधत होता, एवढे तरी आतल्या माणसाला दिसत राहील.